तोरणाखालची झडती

‘झडती’ या शब्दाचे दोन अर्थ आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात लहान मुलालाही ठाऊक असत. एक झडती पोलिसांची. ती घराची होते, आणि तिच्यात ट्रंका, कणगी, गाद्या सारे उलथेपालथे होते. दुसरी झडती पोळ्याची. ती गावाची होते, आणि तिच्यात एकाही वस्तूला हात न लावता जे लपवलेले असते ते बाहेर येते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे दोन शब्द एकच आहेत की नाहीत, हा निर्णय आम्ही भाषाशास्त्रज्ञांवर सोपवतो. अनुभवाच्या दृष्टीने ते एकच आहेत, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. त्यात आमच्या स्वतःच्या घराची झडती ओघाने येणार आहे. ती आली नाही तर हे लिहिण्यात फारसा अर्थ उरणार नाही.

ज्यांची मुले-नातवंडे आता नागपूर, पुणे, भोपाळ किंवा त्याहूनही दूर स्थायिक झाली आहेत, त्यांच्यासाठी थोडी उजळणी करतो. श्रावणी अमावास्येचा पोळा. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. वर्षभर ज्या खांद्यांनी जू वाहिले त्यांना हळद-तूप लावायचे, शेकायचे, बैलांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आमंत्रण द्यायचे. पोळ्याच्या दिवशी बैलाला कामाला जुंपायचे नाही, त्याच्यावर हात उगारायचा नाही. शिंगांना बेगड, अंगावर झूल, गळ्यात घुंगुरमाळ. दिवस कलला की गावाच्या आखरावर आंब्याच्या पानांचे तोरण बांधले जाई आणि त्याखाली जोड्या रांगेने उभ्या राहत. पूजा होऊन तोरण तुटेपर्यंतचा जो वेळ, तो झडत्यांचा. एकजण पुढे येई, कानावर हात ठेवून चार-सहा चरणांची यमकबद्ध रचना एका दमात म्हणे, शेवटी गौरा-पार्वतीला नमन करी आणि साऱ्या गावाच्या तोंडून महादेवाचा गजर उठे. तो गजर विरतो न विरतो तोच समोरच्या बाजूने दुसरी झडती येई. पहिलीला उत्तर म्हणून, किंवा पहिलीहून वरचढ म्हणून.

या झडत्यांत महादेव-पार्वतीचे संसार येत, बैलांचे गुणगान येई, आणि त्यांच्या आडून सारा गाव येई. पटवाऱ्याची साखळी येई, सावकाराची वही येई, निवडणुकीपुरते गावात येणारे मोटारवाले येत, रेशनच्या दुकानातला गहू येई. मात्र नाव कुणाचेच येत नसे. हा अलिखित नियम होता. नाव घेतले की ती शिवी झाली, आणि शिवीला पोळ्याच्या तोरणाखाली जागा नव्हती. म्हणून पटवारी हा बगळा होई, सावकार हा पाऊस पडला तरी न भरणारा डोह होई, आणि पुढारी हा बैलपोळ्याच्या दिवशी रंगवलेला पण एरवी गाय की बैल हे न कळणारा प्राणी होई. ऐकणाऱ्यांना उलगडा करून सांगावा लागत नसे. ज्याला उद्देशून झडती असे त्याने हसायचे, आणि झडती चांगली असेल तर म्हणणाऱ्याला नारळ किंवा रुपया द्यायचा, हाही नियमच होता. काव्यशास्त्रात ज्याला अन्योक्ती म्हणतात तिचे शिक्षण आम्हांला शाळेत नंतर मिळाले. आखरावर ते आधीच झाले होते.

दक्षिणेला नागपूरला हीच वृत्ती निराळ्या रूपाने नांदते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तेथे काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून, असे तेथील जुनी मंडळी सांगतात. काळ्या मारबतीचा संबंध लोक भोसल्यांच्या घराण्यातील बाकाबाईंशी, त्यांनी इंग्रजांशी जुळवून घेतले या रोषाशी जोडतात. ज्या राजघराण्याबरोबर आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज या मुलखात आले, त्याच घराण्यातील एका स्त्रीची अशी प्रतिमा लोकांनी रस्त्यावर ओढावी, हे जुन्या घरांतील वडीलधाऱ्यांना रुचत नसे. ते तो विषय टाळत. पण मारबतीबरोबर निघणारे बडगे मात्र दरवर्षी नवे असतात. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, त्या त्या वर्षी लोकांना जे जे छळत असेल त्याचा बडगा. रोगराई जशी गावाबाहेर घालवायची तशीच अन्यायालाही वेशीबाहेर घालवायचे, हे रूपक कुण्या कवीने रचलेले नाही. ते मिरवणुकीत आपोआप तयार झालेले आहे.

गीतातील राजकीय रूपकाचे मराठीतील सर्वांत गाजलेले उदाहरण मात्र शाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीचे. अण्णा भाऊंनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासमवेत १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ही छक्कड सभा-सभांतून गाजली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या आपल्या मैनेची आठवण काढतो, तिचे रूप वर्णितो, आणि ऐकता ऐकता ती मैना नुसती बायको राहत नाही. तिच्या विरहात खंडित महाराष्ट्राचा विरह मिसळतो. बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव ही नावे त्या विरहात ओवली जातात. मूळ रचना शृंगाराची आणि अर्थ राज्यपुनर्रचनेचा, हे जोडकाम इतके बेमालूम आहे की ते वेगळे काढून दाखवता येत नाही.

आम्ही ही छक्कड प्रथम ऐकली ती नागपूरला शिकत असताना, वसतिगृहातल्या एका गड्याच्या तोंडून. सारे भारावले होते. आम्हीही भारावलो, पण नावे संपली तेव्हा आम्ही वाट पाहत राहिलो. सौंसर आले नाही, पांढुर्णा आले नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या मध्यप्रांताचे आणि वऱ्हाडाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आम्ही नव्या मध्यप्रदेशात राहिलो. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा आमच्या गावातून नागपूरला जाणारी गाडी तीच होती, भाडे तेच होते, सोयरिकी त्याच होत्या. फक्त वाटेत एक सीमा आली होती. आम्ही कुठे गेलो नव्हतो, आणि तरीही पलीकडे राहिलो होतो. कुणाच्या गाण्यात आपण नसणे ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नव्हे. आपले गाणे आपणच म्हणायचे असते. पण त्या रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर आम्हांला एकदम आमच्या आखरावरच्या झडत्या आठवल्या, आणि त्या किती मोलाच्या आहेत हे प्रथमच उमगले.

पुढे वाचनाच्या छंदात मेक्सिकोच्या ‘कोरिदो’ या गीतप्रकाराशी ओळख झाली आणि हा विचार अधिक पक्का झाला. कोरिदो म्हणजे तेथला पोवाडाच. गिटारच्या साथीने घडलेली घटना सांगणारा, गावोगाव फिरणारा, वर्तमानपत्रापेक्षा लोकांना अधिक विश्वासार्ह वाटणारा. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेत गेला. माणसे जागच्या जागीच राहिली आणि सीमा त्यांच्या अंगावरून पुढे सरकली. त्या सीमेवरच्या लोकांचा एक नायक आहे ग्रेगोरिओ कोर्तेस. १९०१ च्या जून महिन्यात टेक्सासमधल्या त्याच्या घरी एक शेरीफ घोडाचोराच्या शोधात आला. दुभाष्याने विचारले, तू अलीकडे घोडा दिलास-घेतलास काय? कोर्तेस म्हणाला, नाही. आणि ते खरे होते, कारण त्याने व्यवहार केला होता तो घोडीचा. स्पॅनिशमध्ये घोडा आणि घोडी हे दोन अगदी निराळे शब्द. दुभाष्याच्या कानी हा भेद पोचला नाही. बोलण्यातला गैरसमज बंदुकीपर्यंत गेला. कोर्तेसचा भाऊ जखमी झाला, शेरीफ मरण पावला, आणि कोर्तेस दहा दिवस शेकडो पाठलाग्यांना हुलकावण्या देत सीमेकडे धावला. पकडला गेला, तुरुंगात गेला, १९१३ मध्ये माफी मिळून सुटला. सरकारी कागदांत तो गुन्हेगार होता. गाण्यात तो आपला हक्क राखणारा माणूस झाला. अमेरिको पारेदेस या अभ्यासकाने १९५८ साली त्या कोरिदोवर ग्रंथ लिहिला तेव्हा विद्यापीठाला जे कळले, ते सीमेवरच्या म्हाताऱ्यांना अर्धशतक आधीपासून ठाऊक होते.

दुभाष्याची ही गोष्ट आम्हांला चटका लावून गेली, कारण अशा अनुवादाच्या कचाट्यात आमच्या भागातला मराठी शेतकरीही तहसिलीच्या पायऱ्यांवर अनेकदा सापडलेला आम्ही पाहिला आहे. बंदुका निघाल्या नाहीत एवढेच. ‘मालकीची’ आणि ‘वहिवाटीची’ या दोन शब्दांतला फरक हिंदी अर्जात उतरता उतरता हरवला आणि धुऱ्याचा निकाल फिरला, अशा हकिकती आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असतील.

असो. येथवर लिहिले ते कुणाही व्यासंगी माणसाला लिहिता आले असते. आता आमच्या घराची झडती.

आमचे गाव पांढुर्ण्यापासून चार कोसांवर, जाम नदीकडे उतरणाऱ्या नाल्याच्या काठी. मालगुजारी १९५१ साली गेली, पण वडिलांना गाव ‘मालक’च म्हणे आणि पोळ्याच्या तोरणाखाली पहिला मान आमच्याच जोडीचा असे. वडील पांढरेशुभ्र धोतर नेसत, पांढरा फेटा बांधत, आणि त्या दिवशी हातात चांदीच्या मुठीची काठी घेत. आमचे वय तेव्हा अकरा असेल. आमचा सालदार झडत्या म्हणण्यात वाकबगार होता. त्या वर्षी तो पुढे आला आणि त्याने एका पांढऱ्या बैलाची झडती म्हटली. शब्द आता नेमके आठवत नाहीत. आशय मात्र कधी विसरलो नाही. गावात एक पांढरा बैल आहे. तोरणाखाली तो पहिला उभा राहतो, त्याच्या शिंगाला चांदी आहे, ढेप त्याच्या गव्हाणीत पडते. त्याच्या मानेवर जू कुणी पाहिले नाही. आणि खांदशेकणीच्या रात्री ज्याचा खांदा सोलला तो बैल अंधारात उभा राहतो, तूप मात्र पांढऱ्या बैलाच्या खांद्याला लागते.

महादेवाचा गजर करायला गाव क्षणभर विसरला. मग सारे वडिलांकडे पाहू लागले. वडील मोठ्याने हसले. ‘वा!’ म्हणाले, खिशातून दोन रुपये काढून त्यांनी सालदाराच्या हातावर ठेवले. गजर झाला, तोरण तुटले, बैल उधळले. रात्री सालदार जोडी घेऊन बोजारा मागायला दारी आला तेव्हाही वडिलांनी काही कमी केले नाही.

ही गोष्ट आमच्या घरात पन्नास वर्षे सांगितली गेली. लग्नकार्यात, पंगतीत, पाहुण्यांपुढे. तिचे तात्पर्य ठरलेले असे: आमचे वडील किती दिलदार, आणि जुन्या काळी मालक आणि गडी यांच्यात किती मोकळेपणा. आम्हीही ती सांगितली आहे. शिक्षकी पेशात असताना अन्योक्ती शिकवताना वर्गात सांगितली, व्याख्यानांत सांगितली. लोकगीतातील रूपक म्हणजे दुर्बळाच्या हातातली ढाल, तिच्याआड उभे राहून तो बलवंताला बोलू शकतो, असा सिद्धांतही तिच्यावर उभारला.

वडील गेल्यानंतर त्यांच्या वह्या आमच्याकडे आल्या. लाल कापडात बांधलेल्या, मोडी आणि बाळबोध दोन्ही अक्षरांतल्या. अनेक वर्षे त्या तशाच होत्या. पुढे केव्हातरी एका पावसाळ्यात वाळवी लागेल या भीतीने उघडल्या, आणि सालदाराच्या खात्याचे पान समोर आले. ज्वारी किती, कापड किती, उचल किती, सारे वडिलांच्या नेटक्या अक्षरात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या तारखेला एकच नोंद होती: ‘झडतीबद्दल रु. २ खर्ची. पाडव्यापासून बंद.’

सालदाराचे साल गुढीपाडव्याला संपते आणि नवे ठरते, हे वाचकांना सांगायला नको. पाडव्याला वडिलांनी त्याला बोलावून सांगितले की यंदा दुसरीकडे पहा. मधे सहा-सात महिने गेले होते. झडतीशी त्याचा संबंध कुणी जोडला नाही. वडिलांची इच्छाही तीच असावी. तो बायको-मुलांसह नागपूरकडे गेला, एवढे आम्हांला आठवते. जाण्यापूर्वी तो गोठ्यात आला होता. आम्हांला म्हणाला, ‘लहान मालक, पवळ्याच्या डाव्या खांद्याले जपजा, जखम ओली हाय.’ त्याच्यामागे आम्ही पवळ्याच्या खांद्याकडे पाहिले की नाही, तेही आता सांगता येत नाही. पुढे त्याचे काय झाले हे आम्ही कधी विचारले नाही. विचारता आले असते. नागपूर आमच्यापासून लांब नाही, आणि आम्ही तेथे चार वर्षे शिकत होतो.

त्या पानाने आमचा सिद्धांत मोडला. रूपक ही ढाल खरी, पण ती तोरण बांधलेले असेपर्यंतच. तोरण तुटले की बोलणारा पुन्हा उघडा पडतो, आणि ऐकणाऱ्याकडे वही असते. सालदाराला हे ठाऊक नसेल असे आम्हांला वाटत नाही. वर्षाची भाकर ज्याच्या हाती त्याच्यापुढे उभे राहून पांढऱ्या बैलाची गोष्ट सांगणारा माणूस भोळा नसतो. त्याने ती किंमत समजून-उमजून दिली. आम्ही मात्र पन्नास वर्षे त्या झडतीचे श्रेय ऐकणाऱ्याच्या हास्याला देत आलो.

वडील दुष्ट नव्हते. दुष्काळात त्यांनी धान्य वाटले आहे, गावच्या शाळेला जागा दिली आहे. हे लिहिल्याने त्यांची बदनामी होईल असे घरातील काहींना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. त्यांनी वहीत खरे ते लिहून ठेवले. खोटे सांगितले ते आम्ही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि मधे दगडांचा पाऊस. एका बाजूचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूची मुलगी नदी ओलांडताना सापडली, ही आख्यायिका साऱ्यांना माहीत आहे. दरवर्षी शेकडो जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, समजावून पाहिले, निर्बंध घालून पाहिले. लोक झेंडा चंडीमातेला वाहतात आणि जखमा मिरवतात. पूर्वी आम्ही म्हणत असू की आदल्या संध्याकाळी शब्दांची गोटमार झाली तर दुसऱ्या दिवशी दगडांची गरज काय? आता एवढे खात्रीने म्हणवत नाही. दगड कुणी मारला हे गर्दीत कळत नाही. झडती कुणी म्हटली हे साऱ्या गावाला कळते. धैर्य कोणत्याला अधिक लागते, हे वाचकांनीच ठरवावे.

५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. जिल्ह्याच्या पाट्या हिंदीत आहेत, बाजारातली बोली अजून पुष्कळशी मराठी आहे, आणि आमच्या घरातली तिसरी पिढी हिंदी-इंग्रजीत शिकते. नुकत्याच झालेल्या एका पोळ्याला आम्ही गावी गेलो होतो. तोरणाखाली जोड्या थोड्या होत्या, मागे दोन ट्रॅक्टरही हार घालून उभे केले होते. एक तरुण पुढे आला, त्याने कानावर हात ठेवला, आणि झडती सुरू केली ती हिंदीत. आमच्या कपाळाला आठी पडली. पण त्याने सांगितली ती हप्त्यावर घेतलेल्या ट्रॅक्टरची गोष्ट: हा बैल असा की तो शेत नांगरतो कमी आणि मालकालाच नांगरतो अधिक. शेवटचे नमन मात्र जुन्याच मराठीत झाले. गाव हसला. आमचा नातू पोट धरून हसला. त्या तरुणाच्या मागे आम्हांला तो पांढरा बैल उभा दिसला.

लोस तिग्रेस देल नोर्ते या मेक्सिकन गायकवृंदाचे १९८० च्या दशकातले एक गाणे आहे. परदेशी स्थिरावलेला बाप त्या देशाला सोन्याचा पिंजरा म्हणतो, आणि त्याच्या मुलांना बापाची भाषा नकोशी झाली आहे. ते दुःख आम्हांला कळते. पण आमच्याच प्रदेशात तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर मराठीइतकीच हिंदी भजनेही गाइली, झाडापाषाणांचीही स्वातंत्र्यासाठी शस्त्रे केली, आणि १९४२ मध्ये त्यासाठी तुरुंगवास सोसला. चिमूरच्या लोकांना ती भाषा परकी वाटली नाही. तेव्हा झडतीची भाषा बदलली यापेक्षा झडती म्हणायला कुणी पुढे येतो की नाही, याची काळजी आम्हांला अधिक वाटते. त्या रात्री आम्ही नातवाला पांढऱ्या बैलाची गोष्ट सांगितली, या वेळी वहीतल्या पानासह. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘आजोबा, जू म्हणजे काय?’ ते समजावून झाल्यावर दुसरा विचारला, ‘त्या सालदाराचे नाव काय होते?’ नाव आम्हांला आठवले नाही. वहीत पाहावे लागले.

आपल्या मंडळाने या भागातील झडत्या गोळा कराव्यात अशी सूचना मागे एका बैठकीत झाली होती, ती योग्यच आहे. तिला आमची एक पुरवणी. देवाधर्माच्या आणि बैलांच्या झडत्या मिळतीलच. पण प्रत्येक जुन्या घराने, जी झडती आपल्याच घरावर म्हटली गेली ती आधी लिहून पाठवावी, म्हणणाऱ्याच्या घरच्यांची संमती मिळाली तर त्याच्या नावासह, आणि नंतर त्याचे काय झाले तेही लिहावे. आमच्या घरची वर दिली आहे. आमच्या सालदाराची मुले-नातवंडे नागपुरात कुठे असतील, त्यांचा शोध आम्ही आता सुरू केला आहे.